झारीतला शुक्राचार्य

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम!

सज्जनहो, श्रीसद्गुरूंच्या चरणी मस्तक ठेवून सेवेला उभा आहे. आज कार्तिक शुद्ध दशमी. उद्या प्रबोधिनी एकादशी. आषाढात निजलेला देव उद्या उठणार. आपण सगळे लांबलांबून आलात, कोणी पायी, कोणी गाडीनं, कोणी रेल्वेनं. चंद्रभागेत स्नान झालं, कळसाचं दर्शन झालं, काहींची पदस्पर्शाची बारी अजून बाकी असेल. अंगावरचे कपडे बघतोय मी. बऱ्याच जणांच्या अंगावर दिवाळीचे नवे कपडे आहेत. चांगलं आहे. पाडवा होऊन आज ९ दिवस झाले. डब्यात थोडी चकली शिल्लक असेल, पिशवीत दोन लाडू असतील. म्हणून आज विषय दिवाळीचाच घेतो. पण फराळाचा नाही, दानाचा.

एक प्रश्न विचारतो. उत्तर मला देऊ नका, स्वतःला द्या. या दिवाळीत आपण दान काय केलं?

आठवा बरं. दिवाळीच्या आधी घरात काय चालतं? साफसफाई. माळा उतरवतात, कपाटं रिकामी करतात. मग पलंगावर ढीग पडतो. बटणं तुटलेला सदरा, विटलेली साडी, चेन बिघडलेली शाळेची पिशवी, पोराला आखूड झालेली चड्डी. माउली म्हणते, "अहो, टाकून कशाला द्यायचं? कोणा गरिबाला देऊ. दिवाळी आहे, पुण्य लागेल." आता पूर्वी दारावर बोहारीण यायची. जुने कपडे घ्यायची, भांडं द्यायची. ती मोठी पारखी. सदरा उजेडात धरून बघायची आणि विरलेला असला की म्हणायची, "हे नाही चालायचं ताई." मग पातेलं मिळायचं चार कपड्यांवर आणि उरायचे दोन. ते दोन जायचे दानात!

हसू नका, रडण्यासारखं आहे. बोहारणीनंही जे घेतलं नाही, ते आपण देवाच्या नावावर दिलं. पुण्याच्या खात्यावर जमा मात्र पूर्ण किमतीनं!

हे आजचं नाही. फार जुनं दुखणं आहे. किती जुनं? उपनिषदाइतकं जुनं.

कठोपनिषद त्यावरच सुरू होतं. वाजश्रवस नावाचा ऋषी. त्यानं यज्ञ मांडला. यज्ञ कोणता, तर ज्यात यजमानानं सर्वस्व द्यायचं असतं. जवळ असेल ते सगळं. मंडप भरला, ऋत्विज बसले, दक्षिणेच्या गाई आणायला सुरुवात झाली. त्याचा मुलगा नचिकेता कोपऱ्यात उभा राहून बघतोय. पोरसवदा वय. आणि गाई कशा? हाडं निघालेल्या. चारा चावायला दात नाहीत, पाण्यापर्यंत चालवत नाही, कास आटलेली, पुन्हा कधी विणार नाहीत अशा. गोठ्यातल्या धडधाकट गाई गोठ्यातच! बापानं हिशेब केला. गाय ही गाय असते. मोजताना कास कोण बघतो? शंभर म्हटल्या की शंभर.

पोराच्या मनात काय शिरलं? उपनिषदकारांनी तिथं शब्द वापरला आहे श्रद्धा. बापाजवळ विधी होता, मंत्र होते, मंडप होता. श्रद्धा नव्हती. ती पोरात शिरली. त्याला वाटलं, अशा गाई देणाऱ्या माझ्या बापाची गत काय होणार? आणि तो बापाला म्हणाला, "बाबा, सर्वस्व द्यायचं ना? मग मी पण तुमचाच. मला कोणाला देता?" बाप गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाप संतापला, "तुला यमाला दिलं!"

सज्जनहो, बाप का चिडला? मुलगा उद्धट बोलला म्हणून? नाही. मुलानं आरसा धरला म्हणून. घरातलं लहान लेकरू विचारतं, "आई, हा माझा फाटका शर्ट त्या मुलाला देतेस, मग त्याला थंडी वाजणार नाही का?" आपण म्हणतो, "गप बस, तुला काय कळतंय?" कळतंय त्याला. आपल्याला कळलेलं असतं तेही त्याला कळतंय, म्हणून तर आपण चिडतो!

भगवंतांनी गीतेच्या १७ व्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आणि माउलींनी ज्ञानेश्वरीत ते उलगडून दाखवले. थोडक्यात सांगतो. द्यायला हवं एवढ्याच भावनेनं, जो परत काही देऊ शकणार नाही अशा माणसाला, योग्य जागी, योग्य वेळी दिलेलं, ते सात्त्विक. परतफेडीकडे डोळा ठेवून, फळाची आशा धरून किंवा जड मनानं दिलेलं, ते राजस. आणि अवेळी, अपात्री, मान न ठेवता, तुच्छतेनं फेकलेलं, ते तामस. आता गंमत बघा. यात किती दिलं याचा उल्लेख कुठंच नाही. वजनकाटा नाही, पावती नाही. भगवंत देणाऱ्याच्या हाताकडे बघत नाहीत, तोंडाकडे बघतात. देताना याचं तोंड कसं होतं?

आणि दानाच्या आधी एक पायरी आहे, ती विसरू नका. मला एका ठिकाणी कीर्तनाला बोलावलं होतं. गाव सांगत नाही, माणूस तर नाहीच नाही. मोठं अन्नदान, पंगतीवर पंगती, बुंदीचे डोंगर. मांडवाच्या मागं एक गडी खांबाला टेकून बसला होता. म्हटलं, "का रे, जेवला नाहीस?" म्हणाला, "जेवतो महाराज. पण मालकांकडं दोन महिन्यांची मजुरी अडकलीय. दिवाळी बिनतेलाची गेली." सज्जनहो, त्या बुंदीत साखर कोणाची होती? घामाचं देणं थकवायचं आणि त्याच पैशावर पंगत घालायची, त्याला दान म्हणत नाहीत. आधी देणं फेडा, मग दान करा. धुणंभांडी करणाऱ्या बाईचा पगार दिवाळीच्या आधी, पूर्ण, न मागता तिच्या हातावर पडला, तर अर्धा धर्म तिथंच झाला. तो पगार आहे, उपकार नव्हे, हे कळलं तर पाऊण झाला.

एवढा पूर्वरंग. बुक्का लावून घ्या. बोला, विठ्ठल विठ्ठल विठ्ठल!

आता उत्तररंगाला आख्यान लावतो बळीराजाचं. पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा, त्याचाच दिवस. प्रल्हादाचा नातू, विरोचनाचा मुलगा. कुळानं दैत्य, पण दानानं असा की आपल्या आयाबाया आजही ओवाळताना त्याचंच राज्य मागतात. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो, ते त्याच्याच नावानं. इंद्राचं नाव कोणी शेतकऱ्याला दिलं नाही!

भागवताच्या ८ व्या स्कंधात ही कथा आहे. बळीचा यज्ञ चालू. दारात बटू वामन आला. हातात छत्री, कमंडलू. बळी म्हणाला, "माग." बटू म्हणाला, "तीन पावलं जमीन." बळी हसला. "अरे, माझ्याकडं येऊन तीन पावलं मागतोस? बेट माग, राज्य माग." बटू म्हणाला, "ज्याला तीन पावलांत समाधान नाही, त्याला पृथ्वी मिळूनही नाही."

बळीचे गुरू शुक्राचार्य ओळखून होते. त्यांनी कानात सांगितलं, "हा विष्णू आहे. देऊ नकोस, सर्वस्व जाईल." बळी म्हणाला, "शब्द दिला, आता माघार नाही." दान द्यायचं तर हातावर उदक सोडावं लागतं. त्यानं झारी उचलली. इथं आपल्याकडं परंपरेनं सांगतात की शुक्राचार्य सूक्ष्म रूपानं झारीच्या तोटीत जाऊन बसले. झारी भरलेली, हात वाकलेला, पण थेंब पडेना. वामनानं ओळखलं. दर्भाची काडी घेतली, तोटीत घातली. ती शुक्राचार्यांच्या डोळ्यात गेली. ते बाहेर आले, पाणी सुटलं आणि दान झालं.

यावरूनच मराठीत म्हण पडली, झारीतला शुक्राचार्य. सरकारी कामात फाईल अडवणाऱ्याला आपण म्हणतो, राजकारणात खोडा घालणाऱ्याला म्हणतो. नेहमी दुसऱ्याला म्हणतो! पण कथेत शुक्राचार्य दुसऱ्याच्या झारीत नव्हते. देणाऱ्याच्या स्वतःच्या हातातल्या झारीत होते. आणि ते शत्रू नव्हते. हितचिंतक होते, गुरू होते. "तुझ्या भल्याचं सांगतो" असं म्हणत होते. आपल्यालाही आतून असाच आवाज येतो ना? "नवीन कशाला देतोस? लागेल पुढं. जुनं दे, त्याला काय, चालतंय." तो आवाज वैऱ्याचा नसतो, शहाणपणाचा असतो. म्हणून तर तो ओळखू येत नाही.

आता माझ्या झारीतला सांगतो. दुसऱ्याचं खूप सांगितलं.

मी ६६ वर्षांचा आहे. लहानपणी गुरुगृही राहिलो, पाठांतर केलं, झांज धरायला शिकलो. जन्म कीर्तनात गेला. १२-१३ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडं उसाचा भाग. दसरा झाला, कारखान्याचा गळीत हंगाम जवळ आला की बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको दोघं राबतात. जोडीला कोयता म्हणतात, माणूस म्हणत नाहीत, "किती कोयते आले?" असं विचारतात. गावाबाहेर गायरानात कोप्या पडतात. बांबू, चटई, पाचट, वरून कागद. पहाटे ३-४ ला उसाच्या फडात. दिवाळी त्यांची तिथंच, कोपीच्या दाराशी एक पणती.

गावातल्या तरुण मंडळानं ठरवलं, भाऊबिजेला कोप्यांवर फराळ आणि कपडे वाटायचे. चांगली पोरं, मनानं चांगली. मला म्हणाली, "महाराज, तुमच्या हस्ते." हस्ते म्हटलं की आमचा हात लगेच पुढं होतो! मी घरात म्हटलं, आपणही काही द्यावं. पेटीवर एक घोंगडी होती, उंदरानं मध्येच कुरतडलेली. वीतभर भोक. ती घेतली. बायको म्हणाली, "अहो, ती?" म्हटलं, "त्यांना काय, चालतंय."

हे वाक्य लक्षात ठेवा. शुक्राचार्य बोलले ते हेच.

टेम्पो निघाला. पुढं फलक, त्यावर नावं. कोप्यांपाशी रांग लावली. एक बाई पुढं आली, काखेत तान्हं, पदराला ५-६ वर्षांची मुलगी. मी घोंगडी तिच्या हातात दिली. पोरं म्हणाली, "महाराज, इकडं बघा." मी बघितलं. फोटो निघाला. तेवढ्यात त्या मुलीनं घोंगडीची घडी उलगडली, भोकातून तोंड बाहेर काढलं आणि हसत ओरडली, "आये, खिडकी!"

सगळे हसले. मीही हसलो. पण मला हसायला थोडा वेळ लागला.

त्या माउलीनं लेकीला मागं ओढलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आसू द्या बाबा. दुमती घडी घातली की भोक बुजतंय." माझी लाज तिनं दुमती घडी घालून झाकली. मग म्हणाली, "बाबा, सणाचं आलाव, च्या घ्या की घोटभर." चुलीवर काळा चहा उकळत होता. मी म्हटलं, "मी चहा घेत नाही." सज्जनहो, तासाभरापूर्वी मी मंडळात बसून दोन कप चहा घेतला होता. ज्या जिभेनं हरिनाम घेतो, त्याच जिभेनं भाऊबिजेच्या दिवशी बहिणीपाशी खोटं बोललो. का? तिच्या हातचं नको होतं म्हणून. माझं तिला चालत होतं, भोक पडलेलं. तिचं मला चालत नव्हतं, उकळलेलं!

त्या रात्री देवळात माझं कीर्तन. विषय आधीच जाहीर झालेला, नचिकेता. गाईंच्या वर्णनापाशी आलो. कास आटलेल्या, दात पडलेल्या असं म्हणताना डोळ्यांपुढं गाय दिसेना, ती खिडकी दिसायला लागली. तबला वाजत राहिला, माझं पुढचं वाक्य येईना. कसंबसं आवरतं घेतलं.

घरी आलो, पेटी उघडली. कीर्तनकाराची पेटी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक गावात शाल-श्रीफळ. श्रीफळाची चटणी होते, शाल पेटीत जाते. मोजल्या. शाली आणि सोलापुरी चादरी मिळून ४३ निघाल्या. डांबराच्या गोळ्यांच्या वासात घडी न मोडलेल्या. बायको उठून आली, म्हणाली, "काय शोधताय इतक्या रात्री?" म्हटलं, "झारीतला शुक्राचार्य शोधतोय." ती म्हणाली, "शोधायचा कशाला? पेटीची किल्ली तुमच्या जानव्यालाच तर असते." घरचा नचिकेता असा असतो!

दुसऱ्या दिवशी पहाटे दहा चादरी सायकलला बांधल्या आणि गेलो. फोटोवाला नाही, फलक नाही. ती बाई फडावर निघायच्या तयारीत, कोयता फडक्यात गुंडाळत होती. मी चादर पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही. म्हणाली, "आधी च्या."

मी खाली बसलो. जर्मनच्या वाटीत काळा चहा, गुळाचा. प्यायलो. मग तिनं एक चादर घेतली, एकच. दुसरी देऊ लागलो तर म्हणाली, "मला मिळाली की. पल्याडच्या कोपीत बाळंतीण हाय, तिला द्या. त्या कडंला म्हातारी खोकतीया, तिला द्या." दहाही चादरी कुठं जायच्या ते तिनं सांगितलं. मी नुसता ओझं वाहणारा झालो. मी विचारलं, "माय, कालची घोंगडी दे, घेऊन जातो." तर ती सहज म्हणाली, "ती व्हय? ती रातीच बैलावर टाकली."

ऐका सज्जनहो. जे मी माणसाला दिलं होतं, ते तिनं बैलाला दिलं. कुठली वस्तू कोणाच्या योग्यतेची, हे मला ४० वर्षांच्या निरूपणानं कळलं नव्हतं, तिला एका रात्रीत कळलं. आणि तीही टाकून दिली नाही. रात्री थंडीत उभ्या असलेल्या मुक्या जिवाच्या अंगावर घातली. सर्वांत सात्त्विक दान त्या गायरानात कोणी केलं, ते मी सांगायला नको.

आता बळीराजाकडं परत या. दोन पावलांत वामनानं पृथ्वी आणि आकाश व्यापलं. तिसरं पाऊल कुठं? बळीनं मस्तक पुढं केलं. मस्तकच का? कारण दिल्याचा अभिमान तिथं राहतो. पहिल्या दोन पावलांत वस्तू जाते. तिसऱ्या पावलात "मी दिलं" हे जातं. आपलं दान दोन पावलांवर अडतं. वस्तू जाते, पण मस्तकावर फेटा तसाच राहतो, पावतीवर नाव राहतं, फोटोत हात राहतो. माझ्या मस्तकावर तिसरं पाऊल पडलं ते त्या काळ्या चहाच्या वाटीचं. आणि पुढं काय झालं? बळीचं सगळं गेलं म्हणता, पण सुतळात त्याच्या दारावर भगवंत स्वतः गदा घेऊन उभे राहिले. दान घ्यायला आलेला देव देणाऱ्याचा दारवान झाला. इथंही तो विटेवर उभाच आहे.

त्या दिवशीचा फोटो मंडळानं पुढं तसबीर करून सत्कारात मला दिला. तो घरात आहे. पोथी वाचायला बसतो त्याच्या समोरच्या भिंतीवर लावला आहे. लोकांना वाटतं, महाराजांचं समाजकार्य. मला ठाऊक आहे ते काय आहे. पेटी अजून पूर्ण रिकामी झाली म्हणाल तर नाही, सत्कार थांबत नाहीत. पण किल्ली आता जानव्याला नसते.

आपल्याला तीन गोष्टी सांगतो, पदरात बांधून न्या. एक, जे पाहुण्याला अंथरायला काढाल, तेच दानाला काढा. दुसरी, ज्याच्या हातात द्याल, त्याच्या हातचं पाणी घ्या. घेता येत नसेल तर आपलं देणं अजून कच्चं आहे. आणि तिसरी, सणाची वाट बघू नका. दिवाळीत त्या कोप्यांवर चार-चार टेम्पो येतात. पौषात, माघात, थंडी हाडात शिरते तेव्हा एकही येत नाही. मजूर तिथंच असतात, लेकरं तिथंच असतात. पणती दिवाळीची असते, भूक बारमाही असते.

आता आरती होईल. ताट फिरेल. जो टाकील त्याचं भलं, जो हात जोडील त्याचंही भलं. आणि शेवटी आपण सगळे मिळून, तुकोबारायांच्या शब्दांत, देवाजवळ दान मागू. लक्षात येतंय का? कीर्तनाचा शेवट देण्यानं होत नाही, मागण्यानं होतो. वाळवंटात उभा असलेला लक्षाधीश असो की कोपीतली माय, इथं सगळेच पसरलेल्या हाताचे. ज्याला हे उमगलं, त्याच्या झारीतून पाणी आपोआप सुटतं.

माघी वारीला आलात तर भेटा. काय दिलं ते सांगू नका. कोणाच्या घरी चहा घेतला, तेवढं सांगा.

बोला पुंडलिकवरदा हरि विठ्ठल! श्रीज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!